शाईतला श्यामकर्ण

श्यामकर्ण हा शब्द आपल्या जिल्ह्यातील बायकांना कोणी शाळेत शिकविला नाही. तो चातुर्मासातील पोथीतून कानावर पडला. देवळाच्या सभामंडपात किंवा वाड्याच्या ओसरीवर पुराणिकबुवा ‘जैमिनी अश्वमेध’ लावून बसत, आणि समोर वाती वळीत बसलेल्या आमच्या आज्या-पणज्या ऐकत की, धर्मराजाने यज्ञाचा घोडा सोडला, तो दुधासारखा पांढरा होता आणि कान तेवढा काळा होता. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही हा घोडा ओळखता येई. चित्रे काढणाऱ्यालाही तो फार सोयीचा. कागद मुळातच पांढरा. त्यावर काळ्या शाईने पाठीची एक रेघ ओढावी, मान उंच काढावी, चार पाय द्यावेत आणि कान शाईने भरून टाकावा, की श्यामकर्ण झाला. या शाईतल्या घोड्याविषयी व त्याच्या वाटेत आलेल्या स्त्रियांविषयी मंडळाच्या भगिनींसमोर चार गोष्टी मांडाव्यात, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम घोड्याचे काम काय ते पाहू. अश्वमेध हा राजाने करावयाचा यज्ञ. निवडलेला घोडा स्नान घालून, पूजा करून मोकळा सोडीत. तो वर्षभर मनास येईल तिकडे हिंडे आणि त्याच्या मागे चारशे सशस्त्र रक्षक चालत. ज्याच्या मुलखात घोडा शिरला त्याने एक तर मुकाट्याने मान तुकवावी, नाही तर घोडा अडवून लढाई घ्यावी. काव्यांतून या घोड्याच्या कपाळावर सोन्याचा पत्रा बांधलेला असतो व त्यावर राजाचे आव्हान लिहिलेले असते. म्हणजे घोडा हा चालताबोलता जाहीरनामाच म्हणावयाचा. वर्ष संपले की घोडा परत आणीत आणि यज्ञात त्याचा बळी देत. एवढे सजवून, मिरवून शेवटी त्या मुक्या जनावराच्या वाट्यास हे यावे, याचे दुःख पोथी ऐकणाऱ्या बायकांना होत असे आणि त्यांनी ते कधी लपविले नाही.

या यज्ञात राण्यांना मोठे स्थान होते. घोडा बळीस नेण्यापूर्वी राजाच्या राण्या त्याच्या अंगास तूप चोळीत आणि त्याच्या आयाळीत व शेपटीत सोन्याचे मणी ओवीत. आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावतो, झूल घालतो, तसाच हा साज. पण तो राण्यांच्या हातून व्हावा असा नियम होता. पट्टराणीस पुढे आणखी जे विधी करावे लागत ते या पानावर लिहिण्यासारखे नाहीत. ज्यांना ते जाणावयाचे असतील त्यांनी जाणत्यांकडून समजून घ्यावेत. मला तर ते वाचून त्या राण्यांची कीव आली. मुद्दा एवढाच की, पत्नीवाचून हा यज्ञ होत नसे. म्हणून तर रामाने सीतेचा त्याग केल्यावर यज्ञाच्या वेळी तिची सोन्याची मूर्ती शेजारी बसविली, असे रामायणात आहे. जिवंत सीता वाल्मीकींच्या आश्रमात आणि सोन्याची सीता यज्ञमंडपात! या एका गोष्टीवर आपल्या जात्यांवर किती ओव्या झाल्या असतील याची गणती कोणी केलेली नाही.

गुप्त घराण्यातील समुद्रगुप्त राजाने चौथ्या शतकात अश्वमेध केला व त्याची सोन्याची नाणी पाडली. त्या नाण्याच्या एका बाजूस यज्ञाचा खांब असून त्यापुढे घोडा उभा आहे, आणि नाणे उलटले की पाठीमागे हातात चवरी घेतलेली राणी आहे. इतिहासाच्या पुस्तकांतून घोड्याची बाजू नेहमी छापतात. राणीची बाजू पहावयास मिळण्यास थोडा शोध घ्यावा लागतो.

पण इतक्या दूर जाण्याची गरज नाही. आपल्या गेवराई तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी वाहते आणि तिच्या काठाने वर गेले की पैठण लागते. हेच प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. या घराण्यातील पहिला सातकर्णी याने दोन अश्वमेध केले, आणि ही गोष्ट आपल्याला समजते ती त्याच्या राणीमुळे. तिचे नाव नागनिका. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात डोंगर कोरून केलेली एक गुहा आहे. तिच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख आहे. 1828 मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या तो दृष्टीस पडला आणि 1883 मध्ये ब्यूलर या जर्मन पंडिताने त्याचे सविस्तर वाचन प्रसिद्ध केले. दोन हजार वर्षांच्या पावसाने व वाऱ्याने लेखाची बरीच अक्षरे खाल्ली आहेत. तरी जे उरले आहे ते वाचून मन थक्क होते.

लेखात नागनिकेची ओळख अगदी आपल्या रीतीने दिलेली आहे. ती कोणाची मुलगी, कोणाची पत्नी, कोणाची आई. महारठी त्रणकयिरो याची कन्या, सातकर्णीची भार्या, वेदिसिरी व सति सिरिमंत या मुलांची माता. परंतु लेख तेथेच थांबत नाही. ती महिना महिना उपवास करणारी होती, घरात राहूनच तपस्विनीप्रमाणे वागणारी होती, व्रते व यज्ञ यांत निष्णात होती, असेही तो सांगतो. आणि मग एकामागून एक यज्ञांची यादी सुरू होते. प्रत्येक यज्ञाचे नाव आणि त्यापुढे दक्षिणेचा हिशोब. एका ठिकाणी 11,000 गाई व 1,000 घोडे. एका ठिकाणी 24,400 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. दुसऱ्या अश्वमेधाच्या दक्षिणेत रुप्याचा साज चढविलेला एक घोडा, शिवाय 14,000 कार्षापण आणि एक गाव. हे आकडे अक्षरांत नव्हे तर आकड्यांच्या खुणांनी कोरलेले असल्यामुळे भारतातील अंकलेखनाच्या फार जुन्या नमुन्यांत या लेखाची गणना होते. गणिताच्या इतिहासकारांना त्याचे महत्त्व वेगळे. मला मात्र तो वाचताना घरातल्या खर्चाची वही नीट ठेवणारी बाई दिसली. कोणाला काय दिले, किती दिले, कशाबद्दल दिले; एकही रक्कम मोघम नाही.

यावर विद्वानांत वाद झाले. यज्ञ राणीने केले की राजाने? शास्त्राप्रमाणे स्त्रीला एकटीने यज्ञ करता येत नाही, तेव्हा ते राजाचेच असले पाहिजेत आणि राणी सहधर्मचारिणी म्हणून बसली असली पाहिजे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ते खरेही असेल. पण राजाने यज्ञ केले असे धरले तरी, दगडावर त्याची नोंद राहिली ती राणीच्या नावाच्या लेखात. नागनिकेचा हा लेख नसता तर सातकर्णीचे दोन घोडे कधी सुटले होते हे आज कोणाला ठाऊक असते?

त्याच गुहेच्या मागील भिंतीवर या राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. त्यांच्यावरची नावे अजून वाचता येतात. देवी नागनिका व राजा सातकर्णी यांची नावे शेजारी शेजारी आहेत. मूर्ती मात्र गेल्या. पावलांच्या खुणा काय त्या राहिल्या आहेत.

आता पोथीकडे वळू. व्यासांच्या महाभारतात अश्वमेधपर्व आहेच, पण लोकांना आवडला तो जैमिनीच्या नावावर असलेला अश्वमेध. मराठीत तो अनेकांनी सांगितला. अठराव्या शतकाच्या आरंभी पंढरपूरच्या श्रीधर कवींनी ओवीत आणला. ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ आणि ‘शिवलीलामृत’ लिहिणारे हेच ते श्रीधर. त्यांच्या पोथ्या ज्या घरी नव्हत्या असे घर त्या काळी सापडणे कठीण. जैमिनीच्या या कथेत युद्धे पुष्कळ आहेत. परंतु मी जेव्हा जेव्हा ही कथा ऐकली तेव्हा मला असे वाटले की, हा घोडा पुरुषांच्या राज्यांतून सहज जातो आणि अडतो तो बहुधा कोणा ना कोणा बाईपाशी.

नीलध्वज राजा घोडा परत द्यावयास तयार होतो, तर त्याची राणी ज्वाला संतापते. नवरा ऐकत नाही असे पाहून ती घर सोडून गंगेकडे जाते, गंगेकरवी अर्जुनाला शाप देवविते आणि शेवटी स्वतः बाण होऊन बभ्रुवाहनाच्या भात्यात शिरते. पुढे मणिपुरात त्याच बाणाने अर्जुन पडतो. तो पडल्यावर त्याला उठविण्याची खटपटही चित्रांगदा आणि उलूपी या दोघींनाच करावी लागते. मारले बायकांच्या बाणाने आणि जगविले बायकांनी. मधे अर्जुनाने काय केले हे पोथी ऐकून कोणाला चटकन सांगता येत नसे!

मग पार्वतीचे वन येते. तेथील तळ्यात उतरताच त्या घोड्याची घोडी होते, आणि बिचारा अर्जुन कृष्णाचा धावा करतो. त्यापुढे स्त्रीराज्य. तेथील राणी प्रमिला. तिच्या राज्यात पुरुष नांदत नाही, सैन्यही बायकांचेच. तिने घोडा धरून बांधून टाकला आणि अर्जुनाला सांगितले की लढ, नाही तर माझा हात धर. अर्जुन बाण लावतो तर आकाशवाणी होते की हिला मारू नकोस. शेवटी तो लग्नाचे वचन देऊन तिला हस्तिनापुरास पाठवितो आणि घोडा सोडवून घेतो. येथे माझे मन नेहमी खट्टू होते. कवीला एवढे मोठे राज्य उभे करता आले; ते चालू ठेवावयाचे कसे हे मात्र त्याला सुचले नाही, म्हणून त्याने लग्न लावून दिले. तरीसुद्धा ज्या काळी मुलीला उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताना विचारावे लागे, त्या काळी आमच्या आज्यांनी पांडवांचा घोडा बांधणारी बाई ऐकली होती, हे विसरून चालणार नाही.

परंतु सर्वांत रंगत असे ती चंडीची कथा. उद्दालक ऋषीची ही बायको. नवरा सांगेल त्याच्या नेमके उलट करावयाचे हे तिचे व्रत. पाणी आण म्हटले तर घागर पालथी. उद्दालक अगदी टेकीस आला तेव्हा कौंडिण्य ऋषींनी त्याला युक्ती सांगितली की, तुला जे हवे असेल त्याच्या उलट सांगत जा. मग काय, संसार सुरळीत चालला. वडिलांचे श्राद्ध आले, तर हा म्हणतो श्राद्ध करावयाचे नाही. ती म्हणते करावयाचेच. चांगले ब्राह्मण बोलवू नकोस म्हटले, तर तिने उत्तम ब्राह्मण बोलाविले. सर्व यथासांग पार पडले आणि त्या आनंदात उद्दालक क्षणभर विसरला. पिंड गंगेत सोडून ये, असे सरळ बोलून बसला. तिने ते उकिरड्यावर टाकले! उद्दालकाने शाप दिला आणि चंडीची शिळा झाली. पुढे कितीतरी काळाने पांडवांचा घोडा त्या रानात आला, त्या शिळेस अंग घासू लागला आणि तेथेच चिकटला. अर्जुनाचे वीर ओढून ओढून थकले. अखेर सौभरी ऋषींनी कथा सांगितली, अर्जुनाने शिळेस हात लावला, चंडी सुटली आणि घोडाही सुटला.

ही कथा सांगून पुराणिकबुवा बायकांना पतिवचनाचे महत्त्व पटवीत. बायका माना डोलवीत आणि घरी जाताना हसत. चक्रवर्ती राजाचा घोडा कोणा राक्षसाने नव्हे, तर एका हट्टी बाईच्या दगडाने रोखला, यातली गंमत त्यांना बुवांपेक्षा अधिक कळली असावी.

श्यामकर्णाची दुसरी एक कथा आहे, तिच्यात हसण्यासारखे काही नाही. ती महाभारताच्या उद्योगपर्वात आहे. गालवाला गुरुदक्षिणा म्हणून एक कान काळा असलेले 800 पांढरे घोडे हवे होते. ययाती राजापाशी घोडे नव्हते, म्हणून त्याने आपली मुलगी माधवी दिली. गालवाने तिला एकामागून एक तीन राजांकडे ठेवले. प्रत्येकाला तिच्यापासून एक मुलगा आणि प्रत्येकाकडून 200 घोडे. उरलेल्या 200 घोड्यांऐवजी माधवीच विश्वामित्राला दिली. सर्व हिशोब फिटल्यावर बापाने तिचे स्वयंवर मांडले, तेव्हा तिने जमलेल्या राजांकडे पाठ फिरविली आणि अरण्याला वरले. ही कथा पुराणांत क्वचितच सांगत. मी ती पुष्कळ उशिरा वाचली. नाणेघाटातील 1,000 घोड्यांचा आकडा वाचताना मला ही 800 घोड्यांची किंमत आठवल्यावाचून राहत नाही.

हे झाले ऐकण्याचे. पण कथा पाहण्याचीही सोय होती आणि ती करणारे लोक म्हणजे चित्रकथी. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने लिहविलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो, इतकी ही विद्या जुनी. चित्रकथी एका आख्यानाची चित्रे क्रमाने लावून ठेवी. त्या जुडग्यालाच पोथी म्हणत. साधारण एक फूट उंच व सव्वा फूट रुंद अशी ही पाने. दोन चित्रे पाठीस पाठ लावून चिकटविलेली असत, म्हणजे पान ताठ राही आणि उलटले की गोष्ट पुढे जाई. आरंभी गणपती, मग सरस्वती, आणि मग आख्यान. संध्याकाळी देवळात दिव्याच्या उजेडात एक जण चित्र धरून गाई, साथीला वीणा, टाळ आणि हुडूक हे हाताएवढे चर्मवाद्य.

या चित्रांपैकी एक प्रसिद्ध संच ‘पैठण चित्रे’ या नावाने ओळखला जातो. पुण्यात दिनकर केळकर यांनी पै पै जमवून जो जुन्या वस्तूंचा संग्रह केला आणि 1962 मध्ये सरकारच्या स्वाधीन केला, त्या राजा केळकर संग्रहालयात ही चित्रे आहेत. आरंभीची काही चित्रे पैठणकडे मिळाली म्हणून हे नाव पडले असे सांगतात. पुढे अभ्यास झाला तेव्हा त्यांचे नाते सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर आदिवासी चित्रकथींशी जुळते असे दिसून आले. सावंतवाडीच्या भोसले घराण्याने या मंडळींना आश्रय दिला होता. एकाच नावाखाली देशावरचे किती आणि कोकणातले किती, हे ठरविणे सोपे नाही. पैठण आपल्या शेजारचे म्हणून मला अभिमान वाटतो खरा. पण त्या अभिमानापायी पिंगुळीच्या लोकांचे श्रेय आपण घेऊ नये. पिंगुळीत ही परंपरा आजही जिवंत आहे. तेथील परशुराम गंगावणे यांनी आपल्या घराच्या आवारातच संग्रहालय उभे केले आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या चित्रांत जैमिनीच्या अश्वमेधातील सुधन्वा, बभ्रुवाहन ही आख्याने आहेत आणि घोड्याची चैन आहे. खरा घोडा पाहून काढलेले हे घोडे नव्हेत. तोंड एका बाजूने, पण डोळा समोरून पाहिल्यासारखा वाटोळा आणि मोठा. मान धनुष्यासारखी वाकलेली, कंबर बारीक, पुढचा पाय उचललेला. स्वार घोड्यापेक्षा मोठा, कारण महत्त्व त्याचे. पाठीमागे डोंगर नाही, आकाश नाही. एखादे झाड, तेही रांगोळीतल्यासारखे. तांबडा, हिरवा, पिवळा असे मोजके रंग भरलेले असले तरी चित्र उभे राहते ते काळ्या रेघेवर. ती रेघ कोठे थरथरत नाही. एका दमात मानेपासून शेपटीपर्यंत येते. शहरातील चित्रकलेच्या शाळेत कोणी हे घोड्याचे शरीरशास्त्र नापास करील. पण दिव्याच्या उजेडात शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हातारीलाही हा घोडा आहे, तो मिरवतो आहे, आणि त्याच्यासमोर हात उभारून कोणी तरी उभे आहे, एवढे एका दृष्टीत कळावे, हेच त्या रेघेचे काम होते आणि ते ती चोख करते.

अशी शाई घरोघर होई. दिव्यावर झाकण धरून काजळी जमवावयाची, ती बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलावयाची आणि बोरूने लिहावयाचे. बाभळीचा तोटा बीड जिल्ह्यात कधीच नव्हता. कागद दौलताबादेजवळच्या कागझीपुऱ्यात हाताने बनत असे. या शाईचा टिकाऊपणा पहावयाचा असेल तर अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी आठवावी. एकनाथांच्या काळातील या संतकवीने सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर पंचीकरण लिहिले, आकृत्यांसह लिहिले. चारशे वर्षे झाली तरी आपल्या जिल्ह्याला ते मिरविता येते.

पण सर्वांचे नशीब पासोडीसारखे नसते. जीर्ण पोथी घरात ठेवू नये, पाण्यात सोडावी, अशी आपल्याकडे समजूत आहे. चित्रकथीही आपली फाटकी पाने नदीत सोडीत. भावना चांगली आहे. परंतु जोपर्यंत नव्या पोथ्या काढणारा हात घरात होता तोपर्यंत जुनी सोडण्यात नुकसान नव्हते. आता तो हात राहिला नाही. जिल्ह्यातील जुने वाडे पडताहेत, भाऊ-भाऊ वाटण्या करताहेत, आणि माळ्यावरचे लाल फडक्यातले गाठोडे कोणी उघडूनही पाहत नाही. ते गोदावरीत जाते, नाही तर रद्दीच्या तराजूत. माझ्या माहेरचे असे एक गाठोडे गेले. त्यात काय होते हे आता सांगता येत नाही. भगिनींनी निदान एवढे करावे: गाठोडे सोडून पाने एकेक करून पहावी, वाळवी लागली असेल तर ती झटकून पाने सावलीत वाळवावी, उन्हात नव्हे, चिकटपट्टी लावू नये, आणि चित्र असलेले पान सापडले तर जाणत्यास दाखविल्याशिवाय हातचे सोडू नये. फिरते खरेदीदार येतात, त्यांना याची किंमत आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते.

मिरविणारा घोडा मात्र आपल्या जिल्ह्यातून नाहीसा झालेला नाही. नवरदेवाचा घोडा आहे, आणि त्याहून मोठा म्हणजे वारीतला अश्व. आषाढीला नाथांची पालखी पैठणहून निघून पाटोदा तालुक्यातून पंढरीकडे जाते, आणि पारगाव घुमरा येथे रिंगण होते. वारीतल्या माउलींच्या अश्वावर कोणी बसत नाही, कारण त्यावर संत बसले आहेत असा भाव असतो. तो कोणाला जिंकावयास निघालेला नसतो. गोल धावतो आणि थांबतो. मग बायका पुढे होतात आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. या घोड्याला अडविण्याचे मनात येण्याचे कारणच नाही.

शेवटी चित्रांच्या बाबतीत एक बारीकशी गोष्ट सांगावयाची राहिली. ही चित्रे आता देशोदेशींच्या संग्रहांत आहेत. पोथीची पाने विकताना सुटी झाली, एक येथे तर दुसरे परदेशात. चित्रकथीच्या हातात असताना पान उलटत असे. आता त्याला काच आणि चौकट आली, तेव्हा एकच बाजू दिसावयाची. ज्या पानावर यज्ञाचा घोडा चांगला उमटला असेल ते घोड्याची बाजू पुढे करून टांगलेले असते, आणि त्याच्या पाठीवर गोष्टीत पुढे जी कोणी आली, प्रमिला असो की चित्रांगदा, ती भिंतीकडे तोंड करून आहे.